कडप्पा, कॅलकटा आणि आमचा ओटा

दिवाळीनंतर आम्ही स्वयंपाकघर तोडायचं ठरवलं. इमारत १९९६ सालची आणि ओटाही तेव्हाचाच. काळा कडप्पा, भिंतीच्या कडेला सिमेंटचा उखडलेला सांधा, सिंकच्या बाजूला लिंबाच्या आणि कोकमाच्या पांढुरक्या डागांचा नकाशा. माझं वय जेवढं, जवळपास तेवढीच वर्षं आई या ओट्यापाशी उभी आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे घरातली कुठलीही खरेदी माझ्याकडे एक्सेलच्या तक्त्यानं सुरू होते. दगडांचे पाच प्रकार आणि त्यांच्यासमोर किंमत, कडकपणा, पाणी शोषणं, डाग, देखभाल. प्रत्येक रकान्याला गुण, गुणांना भार. दोन तासांत तक्ता झाला आणि उत्तर आलं: क्वार्ट्झ. पुढचे तीन महिने त्या उत्तराशी भांडण्यात गेले.

पुस्तकावर, सिनेमावर, अगदी मिसळीवरही आपल्याकडे हिरिरीनं लिहिलं जातं. ओट्यावर कुणी लिहीत नाही. त्याच्याबद्दलचं सगळं लेखन दुकानदारानं केलेलं असतं. म्हणून मी आधी तेच वाचायला घेतलं.

पुण्यात कात्रज-कोंढवा रस्त्यावर मार्बल-ग्रॅनाइटची दुकानं ओळीनं आहेत. एका शनिवारी आई, बाबा आणि मी तीन दुकानं फिरलो. काळे, तपकिरी, हिरवे ग्रॅनाइट बाहेर उन्हात, धुळीत, तिरके टेकवून ठेवलेले. क्वार्ट्झ आत, एसीत, वरून पांढरे दिवे सोडलेले. ही मांडणी हाच पहिला मजकूर. दुसरा मजकूर म्हणजे नावं. कॅलकटा, स्टॅचुआरिओ, कॅरारा. बाबांनी विचारलं, ‘‘हा कलकत्त्याहून येतो का?’’ विक्रीवरचा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘हो काका, तिकडूनच.’’ कॅलकटा हे खरं तर इटलीतल्या कॅरारा परिसरातल्या एका संगमरवराचं नाव. स्टॅचुआरिओही तिथलाच, मूर्तिकारांचा दगड. आमच्यासमोर जो स्लॅब उभा होता तो भारतातल्याच कारखान्यात क्वार्ट्झचा चुरा, पॉलिएस्टर रेझिन आणि रंग एकत्र दाबून केलेला होता. म्हणजे इटलीतल्या एका डोंगराचं नाव, संगमरवराचा चेहरा आणि आत तिसरंच काहीतरी.

नक्कल वाईट असते असं मला म्हणायचं नाही. शहाबादी फरशीची नक्कल करणाऱ्या टाइल्सही येतात, लोक आनंदानं घेतात. पण नक्कल कशाची करायची हे ठरवताना आपण काय सोडून देतो ते पाहावं. संगमरवरातली शीर ही एक घटना असते. चुनखडीवर प्रचंड दाब आणि उष्णता आली, तिच्यातल्या अशुद्ध खनिजांचे थर ताणले गेले, भेगांमधून दुसरी द्रव्यं शिरली, त्याची ती खूण. क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये शीर रंगानं काढतात. तिसऱ्या दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन स्लॅबवर शीर एकाच जागी, एकाच कोनात डावीकडे वळलेली दिसली. आईलाच ती आधी दिसली. ‘‘हे साडीच्या काठासारखं आहे,’’ ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं ती तक्रार नव्हती. काठ जुळला की चांगलंच.

या पदार्थाचं तंत्र इटलीतल्याच ब्रेटन या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं. खनिजाचा चुरा आणि रेझिन निर्वात जागेत कंप देत दाबायचं, मग भट्टीत पक्कं करायचं. वजनानं ९० ते ९३ टक्के क्वार्ट्झ, बाकी रेझिन आणि रंग. जाहिरातीत ‘९३ टक्के नैसर्गिक’ असं मोठ्या अक्षरांत येतं ते हेच. इथे माझ्यातला इंजिनियर थोडा जागा झाला. क्वार्ट्झची घनता साधारण २.६५, रेझिनची १.२ च्या आसपास. वजनातले ७ टक्के आकारमानात मोजले तर जवळपास १४ होतात. म्हणजे ज्या पृष्ठभागावर आई पोळपाट ठेवणार त्याचा सातवा हिस्सा प्लॅस्टिक. क्वार्ट्झचा कडकपणा मोहसच्या मापावर ७, सुरीचं पोलाद साडेपाचच्या आसपास, त्यामुळे ओरखडा जवळजवळ उठत नाही हे खरं. पण उष्णतेचा प्रश्न क्वार्ट्झला विचारायचा नसतो, रेझिनला विचारायचा असतो. ते साधारण दीडशे अंशांच्या पुढे पिवळं पडू लागतं, तडकतं. भाकरीचा तवा दोनशेच्या सहज वर असतो. माझ्या तक्त्यात ‘उष्णता’ हा रकानाच नव्हता. आम्ही जेवण बनवायला ओटा घेतोय ही गोष्ट मी विसरलो होतो.

दुकानातल्या मुलाला विचारलं. ‘‘सर, खाली स्टँड ठेवायचा.’’ आईनं मान डोलावली. परतीच्या वाटेवर म्हणाली, ‘‘फोडणीची पळी हातात असते तेव्हा स्टँड कोण शोधतं?’’

तरीही तिला पांढराच हवा होता, आणि या लेखातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. मी घरी येऊन सगळं समजावून सांगितलं: रेझिन, तवा, हळद, कॅलकट्याचा बनाव. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘अरे, इतकी वर्षं काळ्यावर काम केलं. डाळीतला खडा दिसत नाही, मुंगी दिसत नाही, पाणी सांडलेलं दिसत नाही. मला आता उजेड हवाय.’’ तोवर मी पांढऱ्या ओट्याकडे मालिकांमधून आणि रील्समधून आलेली हौस म्हणून बघत होतो. ज्या स्वयंपाकघराला फक्त डक्टकडे उघडणारी एक खिडकी आहे तिथे पांढरा रंग ही हौस नसते. टीका करणाऱ्यानं निदान आपण दिवसाचे किती तास त्या ओट्यापाशी काढतो ते आधी मोजावं. माझे दिवसाला वीस मिनिटं भरतात, त्यातली दहा चहाची.

ओट्याला तसा फार मोठा इतिहास नाही. आईची आजी जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. चूल, विळी, पाटा, जातं, सगळं बसूनच. त्या स्वयंपाकघरातही दगड होता, पण तो अवजार होता. पाटा-वरवंटा आणि जातं हे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे. त्यांचा गुण त्यांच्या खडबडीतपणात. वापरून गुळगुळीत झाले की टाकीवाली यायची, अंगणात बसून छिन्नी-हातोडीनं बारीक खड्डे पाडून द्यायची. आई सांगते, नंतरचे दोन दिवस चटणीत कचकच लागायची. त्या दगडावर बायांनी रचलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावी फिरून गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरतात. ओट्यावरची एकही ओवी मला सापडलेली नाही. उभ्यानं गाता येत नाही असं नाही, पण ओट्यापाशी बाई एकटी असते आणि तोंड भिंतीकडे असतं. शिवाय जुन्या दगडाला टाकी लागायची आणि नव्या दगडाला पॉलिश, हा फरक मला जास्त बोलका वाटतो. टाकी दगडाला कामाला लावते. पॉलिश त्याला दाखवायला ठेवते. आणि टाकी लावणारी बाई दारात दिसायची.

पॉलिश करणारा, कापणारा कुठे दिसतो हे शोधताना मी जे वाचलं त्यानंतर तो तक्ता मी पुन्हा उघडला नाही.

क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूपातली सिलिका. हा दगड कोरडा कापला, घासला की तिची इतकी बारीक धूळ उडते की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ती नाकात अडकत नाही, थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जाते. शरीरातल्या पेशी ती गिळायला जातात, पचवू शकत नाहीत, मरतात, आणि त्या जागी व्रण धरतो. हा सिलिकोसिस. त्यावर इलाज नाही, आणि काम सोडलं तरी तो पुढे सरकत राहतो. आपल्याला हा आजार नवा नाही. मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे, खंबातचे अकीक घासणारे, राजस्थानातले वालुकाश्माच्या खाणींतले मजूर यांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. १९४८च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात तो नोंदलेला होता. नवं आहे ते प्रमाण. संगमरवरात स्फटिक सिलिका अगदी थोडी, ग्रॅनाइटमध्ये साधारण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत आणि कृत्रिम क्वार्ट्झमध्ये नव्वदच्या पुढे. जो आजार खाणीत वीस-तीस वर्षांनी दिसायचा तो इथे दहा वर्षांच्या आतही दिसू लागला.

इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली अशा पंचवीस रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. फुफ्फुस बदलण्यासाठी पाठवलेले लोक, आणि सगळ्यांचं काम एकच: स्वयंपाकघराचे ओटे कापणं. कॅलिफोर्नियातला २०२३चा अभ्यास बावन्न कामगारांचा. त्यांतले एकावन्न लॅटिन अमेरिकेतून आलेले स्थलांतरित, मध्यक वय ४५. त्यांतले दहा जण वारले होते. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४पासून हा दगड बनवणं, विकणं, बसवणं यावर देशभर बंदी घातली. असं करणारा तो पहिला देश. बंदीनंतर कंपन्या काच वगैरे वापरून कमी सिलिकाचे किंवा सिलिका नसलेले स्लॅब काढू लागल्या आहेत. म्हणजे हा चेहरा सिलिकेशिवायही बनवता येतो. आम्ही फिरलो त्या तिन्ही दुकानांत तसा स्लॅब कुणाकडे नव्हता, आणि मी विचारलं तेव्हा एकानं मला ‘‘सर, तुमच्या घरात कापणार नाही, बाहेरून कापून आणू, तुम्हाला काही त्रास नाही,’’ असं मनापासून आश्वासन दिलं. त्याच्या दृष्टीनं माझ्या प्रश्नाचं ते पूर्ण उत्तर होतं.

ओट्याच्या जाहिरातीतला आवडता शब्द ‘झीरो मेंटेनन्स’. वर्षानुवर्षं पुसण्यापलीकडे काही करायला लागणार नाही. हे वाक्य खोटं नाही, पण ते कुणाच्या बाजूनं बोललं आहे ते कळत नाही. कडप्प्यावर लिंबाचा डाग पडायचा, ग्रॅनाइटला सीलर लावावा लागतो, संगमरवर जपावा लागतो. दगडाची ही जपणूक घरमालकाच्या वाट्याला येते. क्वार्ट्झनं ती घरमालकाकडून काढून घेतली आणि एकरकमी, ओटा घरात यायच्या आधीच, दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत जमा केली.

मग आम्ही काळ्याकडे परत आलो. इथे एक मजेशीर गोष्ट कळली. बाजार ज्याला ग्रॅनाइट म्हणतो त्यातले खरे काळे दगड भूशास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइट नसतातच. ते गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात, चिमकुर्तीला निघणारा ‘ब्लॅक गॅलेक्सी’, ज्यात सोनेरी ठिपके चमकतात, तो गॅब्रोच्याच कुटुंबातला. गॅब्रो आणि आपला बेसॉल्ट यांची घडण जवळजवळ सारखी. लाव्हा जमिनीवर येऊन पटकन थंड झाला की बेसॉल्ट, तोच रस खोल पोटात सावकाश थंड झाला की गॅब्रो. म्हणजे नात्यानं तो पाट्याचा चुलतभाऊ. आणि या कुटुंबात मोकळं क्वार्ट्झ फारच थोडं असतं. चुकीच्या नावानं विकला जाणारा एक दगड, आणि निदान कापणाऱ्याच्या दृष्टीनं त्या दुकानातला बराच बरा. कॅलकट्याच्या नावावर मी एवढं तोंडसुख घेतलं, पण नावाचा खोटेपणा हा तेवढ्यानं गुन्हा ठरत नाही हे इथे कबूल करायला हवं. धूळ मात्र धूळच असते. गॅब्रोची असली म्हणून कुणी ती नाकात घेऊ नये.

पुढच्या शनिवारी मी खिशात एक लिंबू आणि बाटलीत थोडं थिनर घेऊन गेलो. काही काळे दगड रंगवून काळे केलेले असतात, फडक्यावर थिनर घेऊन घासलं की फडकं काळं होतं. पहिल्या दुकानातल्या ‘जेट ब्लॅक’नं फडकं काळं केलं. दुकानदार म्हणाला, ‘‘धूळ आहे.’’ दुसऱ्या दुकानातला दगड स्वच्छ निघाला. त्यावर लिंबाची फोड ठेवून आम्ही दहा मिनिटं चहा प्यायलो, डाग नाही. भाव चौरस फुटाला दोनशे दहा. पांढऱ्या क्वार्ट्झचा सांगितलेला भाव याच्या दुपटीहून जास्त होता. आईनं हात फिरवला आणि काहीच बोलली नाही.

उजेडाचं काय? वरच्या कपाटांच्या खाली एलईडी पट्टी, भिंतीला पांढऱ्या टाइल्स, आणि डाळ निवडायला स्टीलचं मोठं ताट, जे आधीपासून होतंच. हा तोडगा मी मांडला. बाबांना पटला. आई ‘‘बघ तुला काय ते’’ म्हणाली. आमच्या घरात या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि तेव्हा कोणता होता हे मी विचारलं नाही. ज्या कामगाराला मी कधी भेटणार नाही त्याच्या फुफ्फुसासाठी मी माझ्या आईचा उजेड कमी केला, असं कुणी म्हणालं तर मला लगेच उत्तर देता येणार नाही.

दगड ठरल्यावर जो प्रश्न आधी यायला हवा होता तो आला. उंची. मॉड्युलर किचनवाल्यांच्या नकाशात चौतीस इंच लिहिलेलं होतं. सगळ्यांचं तेवढंच असतं म्हणे. आई चार फूट अकरा इंच. जुन्या ओट्यापाशी कणीक मळताना ती टाचा उचलते हे मी लहानपणापासून बघत आलोय आणि ती तिची लकब आहे असं समजत आलोय. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईनं १९२६ साली फ्रँकफर्ट किचन आखलं, ज्यातून आजचं मॉड्युलर किचन निघालं असं मानतात. त्या अरुंद स्वयंपाकघरात खिडकीजवळ काम करायला एक फिरतं, उंची बदलता येणारं स्टूल होतं. बाई बसून भाजी चिरेल हे त्यात गृहीत होतं. आपल्याकडे ते स्वयंपाकघर आलं, पण येताना स्टूल कुठेतरी गळलं. तीन दुकानं, दोन कंत्राटदार, पाच दगड आणि माझा एक तक्ता. यांपैकी कुणीही आईला तिची उंची विचारली नव्हती. आम्ही एकतीस इंच केला. कंत्राटदार म्हणाला, पुढे फ्लॅट विकताना अडचण येईल.

दगड आला तो फेब्रुवारीत. कापणं दुकानात होणार असं ठरलं होतं, पण सिंकचं माप चुकलं आणि शेवटी दोन मुलं सोसायटीच्या पार्किंगमध्ये कटर घेऊन बसली. मोठा असेल बावीस-तेविसाचा. तोंडाला रुमाल. मी आणलेले मास्क त्यांना दिले. त्यानं एक घातला, पाच मिनिटांनी हनुवटीवर घेतला, कारण गुदमरतं. पाणी मारत कापा म्हणालो. तो म्हणाला, ‘‘दादा, पाणी मारलं की चिखल होतो, तुमचे लोक ओरडतात.’’ आमचे लोक खरंच ओरडले. बागेचा पाइप लावून मी पाणी सोडत राहिलो, काळा गाळ गाड्यांच्या खाली वाहत गेला, आणि सेक्रेटरींनी वरच्या मजल्यावरून मला हाक मारली. शेगडीसाठी भोक पाडायचं आम्ही रद्द केलं. आईची जुनी दोन बर्नरची शेगडी वरच ठेवायची ठरली. तेवढा एक काप वाचला. किती वाचला याचा हिशेब मला करता येतो, पण तो करण्याइतका तो मोठा नाही.

त्या मुलानं काम संपल्यावर केसांवरून हात झटकला आणि विचारलं, पांढरा का नाही घेतला, आजकाल सगळे पांढरा घेतात. मी त्याला थोडक्यात सांगायचा प्रयत्न केला. त्यानं नीट ऐकलं. मग म्हणाला, पांढऱ्याची मजुरी जास्त मिळते.

सिंकसाठी कापलेला तुकडा आम्ही टाकला नाही. तो आता पाण्याच्या पिंपाखाली आहे. त्याच्या कडा तशाच आहेत, कटरच्या रेघा असलेल्या, हाताला लागणाऱ्या. घासून गोल करून आणू का, असं मी आईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती, टाचा जमिनीवर टेकवून.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘तिथे कोण बघतंय?’’